फाटक उघडलं की लावायचं

मी हे सांगते आहे तो गुन्हा आहे. आमच्या क्वीन्सलंडात ज्यूरीच्या खोलीत जे बोललं जातं ते बाहेर फोडलं तर तुरुंगात जावं लागतं. जावं लागू दे. माझं वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले, तुरुंगात निदान जेवण तरी आयतं मिळेल.

नाव नोएलीन स्प्रॉट. ब्रिस्बेनच्या उत्तरेला चर्मसाइडमध्ये एका दातांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं खिडकीमागे बसले आणि सुजलेल्या गालांच्या माणसांना "डॉक्टर दहा मिनिटांत बोलावतील" असं सांगत आले. म्हणजे खोटं बोलायला मी काही नवखी नव्हते. पण ते खोटं दहा मिनिटांचं होतं. त्या खोलीत बोलले त्याची मुदत वेगळी होती.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात मला ज्यूरीचं बोलावणं आलं. नेव्हिल हॅड्रिक नावाच्या गुरं पाळणाऱ्या माणसावर बायकोच्या खुनाचा खटला होता. खरं तर तो त्याच्या गावच्या कोर्टात चालायचा. पण तिथं अर्धा गाव बायकोच्या नात्यातला आणि उरलेला अर्धा त्याच्याबरोबर बिअर प्यायलेला, म्हणून सातशे किलोमीटरवर ब्रिस्बेनला आणला. निवडीच्या वेळी वकिलांच्या हातात फक्त आमचं नाव, राहण्याचं ठिकाण आणि काम एवढंच असतं. आरोपीच्या वकिलानं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. त्याला हवं होतं रानातलं माणूस, आणि समोर उभी होती मोत्यांची कानातली घातलेली, दवाखान्यात फोन उचलणारी बाई. त्यानं नाइलाजानं मान हलवली आणि मी बाकावर जाऊन बसले.

मी कनामल्लाच्या पलीकडं, गुरांच्या रानात जन्मले आणि अकरा वर्षांची होईपर्यंत तिथंच वाढले, हे त्याला कुणी सांगणार नव्हतं. मी तर नाहीच. चव्वेचाळीस वर्षांत मी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्याला वाटायचं मी टूवूंबाची.

खटला साधा होता. नेव्हिलची बायको ग्लेनिस पवनचक्कीच्या शिडीवरून पडली, असं नेव्हिल सांगत होता. सरकार म्हणत होतं, त्यानं तिच्या डोक्यात पाइपाचा पाना घातला. प्रेत तपासणारा डॉक्टर म्हणाला, दोन्ही होऊ शकतं. ग्लेनिसनं टूवूंबात एक खोली भाड्यानं घेतली होती, ती नवऱ्याला सोडून निघाली होती, हे खरं. त्या खोलीतली फडताळं नेव्हिलनंच बनवून दिली होती, हेही खरं. फोनची तार वादळानं आठवडाभर तुटलेली. ती श्वास घेत होती, म्हणून त्यानं तिला उचलून पिकअपमध्ये घातलं आणि बेचाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्याकडं निघाला. पोचेपर्यंत ती गेली होती.

एवढ्यावर कुणी कुणाला जन्मभर डांबत नाही. पण त्या वाटेवर तीन फाटकं होती. मागून तासाभरानं आलेल्या पोलिसाला तिन्ही फाटकं साखळी घालून लावलेली मिळाली.

सरकारी वकील किडकिडीत होता, आवाज लोण्यासारखा. त्यानं नेव्हिलला साक्षीच्या पिंजऱ्यात धरलं.

"मिस्टर हॅड्रिक, तिन्ही फाटकं तुम्हीच उघडलीत?"

"हो."

"आणि गाडी पलीकडं नेऊन, थांबवून, उतरून, तिन्ही परत लावलीत?"

"हो."

"साखळी घालून?"

"साखळीशिवाय फाटक लागत नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

"शेजारी तुमची बायको शेवटचे श्वास मोजत होती."

"हो."

"त्या रानात त्या दिवशी गुरं किती होती?"

"एकही नव्हतं. दुष्काळात विकून टाकली सगळी."

"एकही नाही. मग फाटक लावलंत ते कुणासाठी?"

नेव्हिल खरोखर विचारात पडला. श्वास का घेतोस असं कुणी विचारल्यावर माणूस पडेल तसा. मोठे, भाजलेले हात त्यानं कठड्यावर ठेवले होते आणि ते अजिबात थरथरत नव्हते.

"फाटक उघडलं की लावायचं असतं," तो म्हणाला.

वकिलानं नुसती मान हलवली आणि आमच्याकडं तोंड केलं. एका फाटकाला दीड मिनिट धरा, म्हणाला. ग्लेनिस हॅड्रिकच्या आयुष्यातली साडेचार मिनिटं. ज्याला बायको जगायला हवी आहे तो माणूस असं करील का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

नेव्हिलचा स्वतःचा वकील उठलाही नाही. तोही शहरातच वाढलेला. मऊ खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यातला. पश्चिमेकडचा कुठलाही म्हातारा गुराखी पाच मिनिटांसाठी साक्षीला आणला असता तर खटला तिथंच आटोपला असता. त्यानं सांगितलं असतं, आमच्याकडं पोर चालायला लागतं आणि फाटक लावायला शिकतं. घर जळत असलं तरी आम्ही फाटक लावून मग पळतो. त्यात डोकं नसतं, प्रेम नसतं, काही नसतं. हात आपोआप मागं जातो. पण असं काही विचारायला हवं हे वकिलाच्या गावीच नव्हतं, आणि नेव्हिलला ते सांगायला हवं असं वाटलं नाही. जगात फाटक उघडं टाकणारी माणसं असतात, हेच मुळी त्याला ठाऊक नसावं.

नवव्या दिवशी आम्हाला खोलीत कोंडलं. बारा माणसं, अंड्याची सँडविचं, आणि शेवटी फक्त आल्याची उरणारी बिस्किटं. पोहण्याचे तलाव विकणारा गॅव्हिन आमचा म्होरक्या झाला, कारण त्याला तशी घाईच होती. खुनाच्या खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं. पहिल्या फेरीत आठ म्हणाले दोषी, चार म्हणाले नाही. त्या चौघांत मी होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलो दोघी, मी आणि स्टाव्हरूला. ती मासे आणि बटाटे तळून विकायचं दुकान चालवायची. सत्तरीची ग्रीक बाई, काळे कपडे, बटाट्याच्या पोत्यासारखी ठाम.

"मला ती फाटकं कळत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणता, असं कुणी करत नाही. तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी गेलात तिकडं? माझ्या गावात माणूस मेला की आरसा झाकतात. तुम्हाला ते वेड वाटेल. तिकडची ती रीत असली तर?"

"स्टाव्हरूला, अहो, रीत बीत काय घेऊन बसलात," गॅव्हिन म्हणाला. "बायको मरतेय तुमची!"

"मला बायको नाही. मला सांगा, इथं कुणी तिकडचं आहे का? असेल तर त्यानं सांगावं. रीत आहे की नाही. मी ऐकेन."

गॅव्हिननं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"आहे का कुणी?"

मला एवढंच म्हणायचं होतं, हो, रीत आहे. तीन शब्द. स्टाव्हरूला अडून बसली असती, मीही बसले असते, ज्यूरी फुटली असती आणि नेव्हिलला दुसरा खटला, दुसरा वकील, कदाचित मोकळं आभाळ मिळालं असतं. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. भोळेपणानं चुकले असं कुणी म्हणू नये.

"मी आहे," मी म्हणाले. "कनामल्लाच्या पलीकडची."

अकरा माना वळल्या. एवढी माणसं माझं बोलणं ऐकायला आयुष्यात कधी थांबली नव्हती.

"मी अकरा वर्षांची असताना माझ्या आईला लाकडांच्या ढिगात साप चावला," मी सांगायला लागले. "ब्राउन स्नेक. बाबांनी तिला गाडीत घातलं, मी तिच्या शेजारी बसले. गावापर्यंत सात फाटकं होती. बाबांनी सातही फाटकं उघडी टाकली. एकाकडंही वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आमची गुरं तीस मैल पांगली, वीस-पंचवीस मेली. बाबांनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. रीत असते हो, स्टाव्हरूला. पण माणूस आपलं असलं की रीत आठवत नाही."

गॅव्हिनसुद्धा खाली बघत होता.

"आई वाचली?" स्टाव्हरूलानं विचारलं.

"नाही."

तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला तेलाचा वास होता. "देवमाणूस होता गं तुझा बाप," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मग गॅव्हिनकडं बघून म्हणाली, "लिही. दोषी."

बाबांना कुणी देवमाणूस म्हणायची ती पहिलीच वेळ. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

नेव्हिलला जन्मठेप झाली. खुनाला आमच्याकडं दुसरी शिक्षाच नाही. त्यातली पंधरा वर्षं पुरी झाल्याशिवाय सुटकेचा अर्जही करता येत नाही. न्यायाधीशांनी विचारलं, काही बोलायचंय का? तो म्हणाला, "कुत्र्यांना कोण खायला घालतंय ते कळलं तर बरं होईल." गॅव्हिननं कोपरानं मला ढोसलं. बघ, बायको नाही आठवली, कुत्री आठवली. मी मान डोलावली.

आठ महिन्यांनी पेपरात चार ओळी आल्या. हॅड्रिकचं अपील. मुद्दा एकच, पुरावा पाहता ज्यूरीचा कौल अवाजवी आहे. खरं सांगते, आधी मला रागच आला. अवाजवी? अंड्याची सँडविचं खाऊन अकरा दिवस आम्ही तिथं झक मारली काय? मग राग ओसरला. मी दवाखान्यात रजा टाकली आणि ऐकायला गेले. का गेले? तो सुटावा म्हणून, असं मला तेव्हा वाटत होतं. मला तोंड उघडावं न लागता न्यायाधीशांनीच त्याला सोडून द्यावं आणि मी सुटावं, असं वाटत होतं.

प्रेक्षकांच्या जागेला कंबरेएवढं लाकडी दार होतं, आत-बाहेर झुलणारं. ते ढकलून मी मागच्या रांगेत बसले. शेजारी एक हडकुळी म्हातारी, निळी टोपी, मांडीवर थर्मास. तीन न्यायाधीश आले. नेव्हिलला बाजूच्या दारानं आणलं. आठ महिन्यांत त्याचे हात गोरे पडले होते. त्यानं सगळीकडं नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

त्यानं मला ओळखलं. का नाही ओळखणार? अकरा दिवस त्याला आमचे बारा चेहरे पाहायचे होते, दुसरं काम नव्हतं. त्यानं कठड्यावरचं एक बोट वर केलं, फक्त एक, स्टिअरिंगवरून उचलतात तसं. आमच्याकडं समोरून कुणाचीही गाडी आली की असं बोट उचलतात, ओळख असो नसो.

"मला केलं," म्हातारी माझ्या कानाशी पुटपुटली. "माझा मुलगा."

नेव्हिलची नवी वकील रोझलिन प्रॉक्टर, हुशार बाई. तिनं मुद्दे एकेक करून मांडले. पान्यावर रक्त नाही. डॉक्टरला खात्री नाही. फडताळं त्यानं स्वतः बनवली. उरतं काय? तीन लावलेली फाटकं. त्यावर माणसाला जन्मभर कोंडता येत नाही.

मधल्या न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मिस प्रॉक्टर, फाटकांच्या रीतीबद्दल खटल्यात एक तरी साक्ष आहे?"

"नाही, न्यायमूर्ती. त्या वेळच्या वकिलांनी तो मुद्दाच काढला नाही."

"मग आम्ही ती कुठून आणायची? आमच्यापुढं कागद आहेत. ज्यूरीपुढं माणूस होता. 'लावायचं असतं' हे तो कसा म्हणाला, ते त्यांनी पाहिलं. आम्ही नाही."

"न्यायमूर्ती, ते सगळे शहरातले लोक होते."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?" डावीकडच्या न्यायाधीशबाई म्हणाल्या. "यादीत राहण्याचं ठिकाण असतं, जन्माचं नसतं. कोण जाणे, त्यांच्यात तिकडचंही कुणी असेल, आणि त्यानंच बाकीच्यांना समजावलं असेल. बारा माणसं घेतात ती एवढ्यासाठीच ना?"

प्रॉक्टरबाईंनी पुढचं पान उलटलं. शेजारची म्हातारी हसली, कडू.

जेवणाच्या सुट्टीत मी सटकायच्या बेतात होते. ती माझ्या मागोमाग काठी टेकत आली आणि बाहेरच्या बाकावर तिनं मला हातानं खाली बसवलं.

"बस गं. चहा घे. मी ऊना. तू आपल्याकडची ना?"

"मी चर्मसाइडची."

"ते राहतेस. मूळची कुठली?"

"तुम्हाला कशावरून वाटलं?"

"आत येताना ते बुटकं दार तू मागं हात करून धरलंस आणि लावलंस. सकाळपासून चाळीस माणसं आली, सगळी ढकलून पुढं. ते आपलं झुलतंय. मी म्हटलं, ही आपल्यातली."

मला आठवतही नव्हतं. मी हातांकडं पाहिलं. पर्स धरून बसले होते बिचारे.

"कनामल्लाच्या पलीकडची," मी म्हणाले.

"बघ! म्हटलं नव्हतं?" तिनं पिशवीतून फळांचा केक काढला, मेणकागदात गुंडाळलेला. "खा. मी केलाय. कशी गं आलीस?"

"पेपरात वाचलं."

"चांगली आहेस." तिनं चहा ओतला. "खटल्याला मला येता नाही आलं. खुबा मोडला होता, टूवूंबाच्या इस्पितळात पाय टांगून ठेवलेलं मला. आले असते ना, तर उठून ओरडले असते. अगं, चार वर्षांचा असताना नेव्हिलनं एकदा फाटक उघडं टाकलं. चाळीस वासरं हमरस्त्याला गेली, दोन ट्रकखाली आली. त्याच्या बापानं त्याला चाबकानं फोडला. तेवढाच एकदा. आता एकावन्न वर्षांचा आहे, तेव्हापासून आजतागायत फाटक उघडं राहिलेलं नाही. आणि ते लोण्याच्या तोंडाचं बेणं विचारतंय, कुणासाठी लावलं? अरे, तुझ्या बापासाठी!"

मी हसले. तीही हसली. मग तिचा चेहरा एकदम पडला.

"ती बाई काय म्हणाली ऐकलंस? म्हणे, ज्यूरीत तिकडचं कुणी असेल. असतं तर हे झालं असतं का? बारा नकोत गं, सहा नकोत. आपल्यातलं एक. एक जण असता ना, तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं."

"हो," मी म्हणाले.

केक संपवला. चांगला होता, रम जरा जास्त.

आता मी बाबांबद्दल खरं सांगते.

सापाचं खरं. सात फाटकांचं खरं. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हेही खरं. पण आमच्याकडं गाडीत जो शेजारी बसतो, फाटक त्याचं. चालवणारा उतरत नाही. पहिल्या फाटकाशी मी उतरले, उघडलं, गाडी पलीकडं गेली. मी फाटक ओढून आणलं, साखळी फिरवली, कडी खिळ्यात अडकवली. बाबा खिडकीतून ओरडले, "राहू दे ते, पोरी! चढ आधी!" मी ऐकलं, आणि तरी कडी नीट बसली का ते ओढून बघितलं. मग चढले. दुसऱ्या फाटकाशीही तेच. तिसऱ्याशी बाबा शिव्या देत होते, मला आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या अशा. मला वाटत होतं की मी ऐकतेय, आणि हात कडी अडकवत होते. चौथ्याशी ते नुसतेच थांबले, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये आई गेली. सहावं आणि सातवंही मी लावलं.

ब्रिस्बेनहून मावशी आली. डाक आणणारा तिला म्हणाला होता, सगळी फाटकं साखळी घालून लावलेली होती. दफन आटोपल्यावर तिनं सगळ्यांसमोर बाबांना विचारलं, "माझी बहीण मरत होती आणि तू फाटकं लावत बसलास?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "लावली," ते म्हणाले.

मावशी मला तिथून घेऊन आली. असल्या दगडाजवळ पोर ठेवायचं नाही म्हणून. बाबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. ख्रिसमसला पत्र पाठवायचे, दोन ओळींचं. मी एकदाही गेले नाही. गेले असते तर ते काही बोलले नसते, आणि ते मला सहन झालं नसतं. पुढं पुढं मीच मनाशी म्हणायला लागले की फाटकं बाबांनी लावली. बरीच वर्षं मला ते खरंही वाटलं.

आणि मग तो पिंजऱ्यात उभा राहिला. हात न थरथरता म्हणाला, फाटक उघडलं की लावायचं असतं. एवढं सोपं. मी चव्वेचाळीस वर्षं ज्याच्यासाठी बाप सोडला, गाव सोडलं, नवऱ्याशी खोटं बोलले, ते हा माणूस एका वाक्यात बोलून मोकळा झाला. त्याला रात्री झोप लागत असणार याची मला खात्री होती. मला त्याचा इतका द्वेष वाटला की माझे कान तापले. तो निर्दोष आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या खोलीत तेवढं एकटीला मलाच माहीत होतं. आम्ही कुंपण म्हणून बसवलेले, आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

दोन माणसांनी माझ्या हातांची शिक्षा भोगली. एकानं आपणहून. दुसऱ्याला मी दिली.

निकाल यायला पाच आठवडे होते. आमच्या दवाखान्यात एक निवृत्त वकील यायचे, हॅलम म्हणून. ते कवळीचं माप द्यायला बसले असताना मी विचारलं, "समजा हं, ज्यूरीतली एखादी बाई म्हणाली की आत मी खोटं बोलले, तर?"

"तर तिनं तोंड मिटून ठेवावं," ते म्हणाले. "सांगणं हाच गुन्हा. आणि सांगितलं तरी कोर्ट ते कानावर घेणार नाही. खोलीत काय झालं ते पुरावा म्हणून चालतच नाही."

"म्हणजे काही उपयोगच नाही?"

"शून्य."

मला एवढा आनंद झाला की मी त्यांना दोन टूथब्रश फुकट दिले. प्रॉक्टरबाईंना निनावी चिठ्ठी टाकता आली असती. पोलिसात जाऊन बसता आलं असतं. तुरुंग झाला असता तर झाला असता. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं. मी पाच आठवडे रोज कामावर गेले.

निकालाला जेमतेम एक मिनिट लागलं. नेव्हिलला आणलंच नव्हतं. मधल्या न्यायाधीशांनी वर न बघता वाचलं, ज्यूरीला या निष्कर्षाला येणं खुलं होतं, अपील फेटाळलं. नेव्हिलच्या उत्तरातला कोरडेपणा जोखायला आपापल्या आयुष्याचा अनुभव घेऊन आलेले बारा जण आमच्यापेक्षा योग्य होते, असं कागदात सविस्तर लिहिलं होतं. तो कागद माझ्याकडं आहे. आयुष्यात माझं कौतुक छापून आलं ते तेवढंच.

ऊना तशीच बसून राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. थर्मासचं झाकण घट्ट केलं, काठी शोधली, उठली. मी तिचा दंड धरला. बुटक्या दारातून आम्ही बाहेर पडलो आणि दोघींचे हात एकदमच मागं गेले. तिचा आधी पोचला. तिनं ते लावलं.

"आता पंधरा वर्षं," बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली. "मी काही तेवढी पुरत नाही. कुत्री दोन मेली. एक आहे." मग माझ्याकडं वळली आणि गालाला हात लावला. तिचा हात खरखरीत होता, बाबांसारखा. "तू एकटीच आलीस बघ माझ्यासाठी. एवढ्या मोठ्या गावात एकटीच. येशील ना गं एकदा घरी? खोली रिकामीच आहे. केक करीन."

"येईन की."

"हमरस्ता सोडला की डावीकडं वळायचं. पुढं तीन फाटकं लागतील. रान मोकळंच आहे, एक शेपूट नाही." ती थांबली, दम घेतला. "पण तुला काही सांगायला नको."

"नको," मी म्हणाले.